एच-४ वरची मुलं आणि त्यांना मिळणारी मदत: कोण किती कामाचं?

ज्यांची मुलं अमेरिकेत आली तेव्हा चार-सहा वर्षांची होती, इथल्याच शाळांत शिकली, आता अठरा-एकोणिसाची झालीत आणि ग्रीन कार्डाची रांग मात्र जागची हलत नाही, त्या घरांसाठी हे लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मूळचे नाशिकचे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, त्याच्या जिवावर मी आणि थोरली एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, धाकटा इथे जन्मला म्हणून अमेरिकन. एका टेबलावर जेवणारी भावंडं, दोघांचेही पासपोर्ट निळेच, पण त्याला कसली फिकीर नाही आणि तिला एकविसाव्या वाढदिवसाची धास्ती. या धास्तीवर इलाज मिळेल असं कुणीही म्हटलं की आम्ही तिथे जायचो. कुठे पैसे मोजले, कुठे फुकट मिळालं, कुठे नुसतीच सहानुभूती मिळाली. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कुठपर्यंत, एवढंच सांगते.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, त्यात बायकामुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. आइसलंडला जेवढी, तेवढीच भारताला. नवऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१५ ची. रांग कुठवर आली ते दर महिन्याला सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ (उच्चशिक्षितांची) रांग २०२५ सालभर २०१२-१३ मध्येच घुटमळत होती. मूल एकवीस पूर्ण झालं की त्याचा एच-४ संपतो आणि आईबापांच्या अर्जातून नावही गळतं. मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्या, स्वतःचा एच-१बी मिळवा, नाहीतर विमानात बसा. 'डाका' आहे ना, असं भारतातले नातेवाईक हमखास विचारतात. लहानपणी आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी २०१२ मध्ये आलेल्या त्या योजनेची अटच अशी की १५ जून २०१२ ला तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसायला हवं. म्हणजे ज्यांनी एकही कागद चुकू दिला नाही ते त्यात बसतच नाहीत.

आणखी एक मासला. २०१५ पासून आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झालेल्यांच्या जोडीदाराला एच-४ वर कामाची परवानगी मिळते. त्यामुळे मी एका दातांच्या दवाखान्यात बिलिंगचं काम करते. माझ्याच लेकीला त्याच एच-४ वर उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात उभं राहायची परवानगी नव्हती. सोळाव्या वर्षी तिच्या सगळ्या मैत्रिणी लाइफगार्ड झाल्या, कॅशियर झाल्या. ही लायब्ररीत फुकट पुस्तकं लावायची आणि विचारलं तर सांगायची, मला पैशांची गरज नाही. मैत्रिणींना वाटायचं, श्रीमंत दिसतात हे लोक.

वकील

कंपनीचा वकील हा कंपनीचा असतो. हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आमच्या कंपनीच्या वकिलांना (नाव घेत नाही) मुलीच्या वयाबद्दल विचारलं तर तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की हा विषय आमच्या कामाच्या कक्षेत येत नाही. तक्रार नाही, खरंच येत नसेल.

मग आम्ही स्वतःच्या खिशातून एका वकीलबाईंचा एक तास घेतला. साडेतीनशे डॉलर. एवढ्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सीएसपीएचा हिशेब मांडून दाखवला. हा २००२ चा कायदा, मुलांचं वय कागदोपत्री थोडं कमी धरणारा. आईबापांची प्रायॉरिटी डेट करंट होईल, म्हणजे रांगेत नंबर लागेल, तेव्हाचं मुलाचं वय घ्यायचं आणि आय-१४० जितके दिवस निर्णयाची वाट बघत पडून होता तितके दिवस त्यातून वजा करायचे. समजा वय एकवीस वर्षं पाच महिने आहे आणि आय-१४० ला आठ महिने लागले होते, तर कायद्याच्या लेखी मूल वीस वर्षं नऊ महिन्यांचं. वाचलं. मात्र लग्न झालेलं नको, आणि तारीख करंट झाल्यापासून वर्षाच्या आत अर्जाचं पाऊल टाकलेलं हवं.

आता यातली मेख बघा. ज्यांनी जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंगने आय-१४० दोन-तीन आठवड्यांत मंजूर करून घेतला, त्यांच्याकडे वजा करायला तेवढेच दिवस. कंपनीने आमचा आय-१४० असाच झटपट करून दिला होता, आणि त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो. वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत या गणितात जीव नाही. त्याच्या आशेवर बसू नका, एफ-१ च्या तयारीला लागा." स्पष्ट बोलल्या म्हणून बरं झालं.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात, एक अंतिम निर्णयाच्या तारखांचा आणि एक अर्ज भरण्याच्या तारखांचा. दुसरा साधारणपणे पुढे असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याने वय मोजायला अर्ज भरण्याचा तक्ता चालेल असं ठरवलं, बऱ्याच घरांत पेढे वाटले गेले. १५ ऑगस्ट २०२५ पासून भरलेल्या अर्जांना पुन्हा अंतिम निर्णयाचाच तक्ता लागू झाला. मधल्या काळातले यूट्यूब व्हिडिओ अजून तसेच पडून आहेत आणि लोक त्यावर हिशेब मांडताहेत. व्हिडिओची तारीख बघितल्याशिवाय काही ऐकू नका.

माझं मत: वकिलाचा एक तास जरूर घ्या, पण मूल सोळा-सतराचं असताना. वीस वर्षं सात महिने झाल्यावर धावत गेलात तर तोच तास महाग पडतो. महिन्याला पैसे घेणारी पॅकेजं आम्हालाही दोघांनी विकायचा प्रयत्न केला. बुलेटिन महिन्यातून एकदा येतं आणि ते फुकट वाचता येतं. त्यासाठी पॅकेज कशाला?

इम्प्रूव्ह द ड्रीम

ही संस्था मला एका मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत कळली. दीप पटेल नावाच्या मुलाने २०१७ मध्ये सुरू केली. तोही लहानपणी आईवडिलांबरोबर कायदेशीर व्हिसावर आलेला आणि याच पेचातून गेलेला. 'डॉक्युमेंटेड ड्रीमर्स' (कागदपत्रं असूनही अधांतरी असलेली मुलं) हा शब्द आज वर्तमानपत्रांत आणि खासदारांच्या तोंडी ऐकू येतो, त्यात या पोरांचा वाटा मोठा आहे. अशी मुलं देशभरात अडीच लाखांच्या आसपास असतील असा अंदाज सांगितला जातो. आपल्यातलं एक नाव सांगते. तेव्हा आयोवा विद्यापीठात शिकणारी परीन म्हात्रे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर साक्षीला बसली होती. काही महिन्यांची असताना इथे आलेली मुलगी, आणि तिला सांगावं लागत होतं की हेच माझं घर आहे. ती साक्ष लेकीला दाखवली तेव्हा ती एकदम सरळ होऊन बसली. आडनाव ओळखीचं असलं की ऐकण्यात फरक पडतो.

आधी हे समजून घ्या की ही संस्था वकिली करत नाही. तुमची फाइल बघणार नाही, फॉर्म भरून देणार नाही. ती मुलांना एकत्र आणते, आपली गोष्ट नीट सांगायला लावते, लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचवते. पालक पहिल्या दिवशीच 'आमची डेट अमुक, काय होईल?' असं विचारत जातात आणि उत्तर मिळालं नाही की नाक मुरडतात. चुकीच्या दुकानात शिरून भाजीवाल्याकडे चप्पल मागितल्यासारखं आहे ते.

आमच्या लेकीला तिथे काय मिळालं? पहिल्या ऑनलाइन बैठकीला मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, तर म्हणाली, "आई, तू कॅमेऱ्याच्या बाहेर बस. नाहीतर स्वयंपाकघरातच जा ना, प्लीज." गेले. भांडी घासता घासता कान तिकडेच. टेक्ससचा एक मुलगा सांगत होता की कॉलेजच्या अर्जात नागरिकत्वाच्या रकान्यात काय भरावं हे त्याच्या समुपदेशकालाच माहीत नव्हतं. एक मुलगी फार्मसी शिकत होती, इंटर्नशिप मिळाली आणि सोडावी लागली. मग आमच्या बाईसाहेबांचा आवाज ऐकू आला, लाइफगार्डच्या नोकरीचं सांगत होती. हे ती मला कधी बोलली नव्हती. चार वर्षं मला वाटत होतं हिला त्याचं काही नाही.

म्हणून या संस्थेला माझ्याकडून भरपूर मार्क. पण एक अट: पालकांनी लांब राहायचं. आपण आपल्या निर्णयाने इथे आलो, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपली भीती वेगळी आणि त्यांची वेगळी. आपल्याला वाटतं, रांग कधी सरकेल. त्यांना वाटतं, मी नक्की कुठली?

कायद्याच्या आघाडीवर मात्र अजून हात रिकामेच आहेत. संस्थेने ज्याच्या मागे जोर लावला तो अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट २०२१ मध्ये मांडला गेला. हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, डेबोरा रॉस, सिनेटमध्ये ॲलेक्स पडिया आणि रँड पॉल. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन एकाच कागदावर, हल्लीच्या दिवसांत हे दुर्मीळच. लहानपणी आईवडिलांच्या व्हिसावर आलेली, दहा वर्षं कायदेशीर राहिलेली आणि इथली पदवी घेतलेली मुलं कायमची रहिवासी होऊ शकतील, आणि वय अर्जाच्या दिवसालाच थांबेल, असा त्याचा गाभा. २०२२ च्या जुलैत हाच विषय संरक्षण खर्चाच्या विधेयकाला उपसूचना म्हणून हाउसमध्ये जोडला गेला, आणि अंतिम विधेयकातून गळाला. त्या काळात घरी रोज रात्री फोनवर बातम्या. लेक वैतागून म्हणायची, जेवताना तरी ते बंद कर. २०२३ मध्ये विधेयक परत मांडलं, तेही अडलं. मुलांना तिथे पाठवाल तेव्हा हे सांगूनच पाठवा. कायदा होईल या आशेवर गेली तर वर्षभरात खचतील, सोबत मिळेल म्हणून गेली तर टिकतील.

विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय

लेकीच्या विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण तिची पदवी अजून व्हायची आहे.

एच-४ वर शिकायला काही अडचण नसते. त्यामुळे एफ-१ वर कधी जायचं हा प्रश्न येतो. लवकर गेलात तर काही ठिकाणी रहिवाशांची फी जाऊन बाहेरच्यांची लागते, उशीर केलात तर वाढदिवस आडवा येतो. आय-९४ वर, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवर, अनेकदा एकविसाव्या वाढदिवसापर्यंतचीच तारीख असते, ती आधी काढून बघा. विसावं लागल्यावर आम्ही कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या मुलाने विचारलं, "कोणत्या देशातून येणार आहात?" लेकीने आमच्या इथल्याच जिल्ह्याचं नाव सांगितलं, "मिडलसेक्स काउंटी." तो हसला नाही.

तिथली माणसं वाईट नाहीत. त्यांचं सगळं यंत्र परदेशातून विमानाने येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बसवलेलं आहे, आणि हिच्यासारखी मुलं त्या यंत्रात मधूनच टपकतात. विद्यापीठाने एफ-१ साठी द्यायच्या आय-२० या पत्रासाठी वर्षभराच्या खर्चाएवढा पैसा दाखवावा लागतो, तो आम्ही दाखवला. ३५० डॉलर सेव्हिस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची. मग स्टेटस बदलायचा अर्ज आय-५३९, एप्रिल २०२४ च्या नव्या दरांनुसार ऑनलाइन भरला तर ४२० डॉलर, कागदावर ४७०. या बदलासाठीही २०२३ पासून प्रीमियम प्रोसेसिंग मिळतं, आम्ही भरलं तेव्हा १,९६५ डॉलर होतं. इथे मात्र घाई परवडते, कारण वाढदिवस थांबत नाही. ही सोय आहे हे कार्यालयात कुणी सांगितलं नाही, वकीलबाईंच्या त्या तासाभरात कळलं होतं.

एफ-१ मंजूर झाल्यावर नव्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ओरिएंटेशनला हजर राहणं सक्तीचं. बँकेत खातं कसं उघडायचं, बर्फात कोणते बूट घालायचे, अमेरिकन लोक 'हाउ आर यू' म्हणतात तेव्हा खरं उत्तर अपेक्षित नसतं, असं सगळं तिला समजावलं. पहिलीपासून इथल्या शाळेत गेलेली मुलगी. तिने तिथे अहमदाबादहून आलेल्या दोघींना बसचं ॲप डाउनलोड करून दिलं आणि येताना त्यांना घेऊन घरी आली. त्या दिवशी आमच्याकडे थालीपीठं होती, त्यांनी गुजराती थेपले काढले. ओरिएंटेशनचा फायदा झाला तो एवढाच, पण झाला.

कामाच्या बाबतीत एफ-१ ने एका फटक्यात चित्र बदललं. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला, त्याच लायब्ररीसारख्या दुसऱ्या लायब्ररीत तीच पुस्तकं लावायला लागली, फक्त आता पैसे मिळतात. पदवीनंतर बारा महिने ओपीटी, म्हणजे इथेच काम करायची मुभा, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताचा) विषय असेल तर आणखी चोवीस. म्हणूनच इतिहास शिकायची इच्छा असलेल्या मुलीने सांख्यिकी घेतलं. तिने स्वतः ठरवलं, आम्ही काही बोललो नाही, आणि न बोलणं हेही एक बोलणंच होतं.

कार्यालयाने जे बजावून सांगितलं नाही ते मी सांगते. देशातल्या देशात स्टेटस बदललं म्हणजे पासपोर्टवर एफ-१ चा शिक्का आला असं नव्हे. एकदा बाहेर पडलात की परत यायला कॉन्सुलेटमधून स्टँपिंग लागतं, आणि तिथे अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते की शिक्षण संपल्यावर तुम्ही तुमच्या देशातल्या घरी परत जाणार आहात. घरी म्हणजे कुठे? नाशिकला आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो, लेक गेली नाही. मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये नकार मिळाला तर सत्र जाईल, सगळंच जाईल, असं तिने ठरवलं. व्हिडिओ कॉलवर आजीला ओवाळलं. आजीने विचारलं, तुझ्या कॉलेजला एवढी पण सुट्टी नाही का गं? ती म्हणाली, नाही.

शिष्यवृत्त्या आणि बाकीचं

एच-४ वर फेडरल शैक्षणिक मदत मिळत नाही, त्यामुळे खाजगी शिष्यवृत्त्यांशिवाय पर्याय नाही. इमिग्रंट्स रायझिंग या कॅलिफोर्नियातल्या संस्थेची यादी उपयोगी आहे, नागरिकत्वाचा पुरावा न मागणाऱ्या शिष्यवृत्त्या तिथे एकत्र सापडतात. पण यादी मुख्यतः कागदपत्रं नसलेल्या मुलांचा विचार करून केलेली आहे. काही ठिकाणी डाका हवंच, काही ठिकाणी व्हिसावरची मुलं चालत नाहीत. प्रत्येक ओळीची अट बारकाईने वाचा. कधी एच-४ बद्दल काहीच लिहिलेलं नसतं, तिथे सरळ ईमेल करून विचारा. लेकीला एका ठिकाणाहून पुस्तकांपुरते पैसे असेच विचारून मिळाले.

स्वतःच्या एच-१बी ची लॉटरी अजून पुढे आहे: वर्षाला ६५,००० जागा, अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. अमेरिकेत राहूनच स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही असा खुलासा ऑक्टोबरात आला. त्या महिनाभरात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किमान पाच वकील तयार झाले. एकाने तर कॅनडाला जायचा नकाशाही टाकला, टोल नाक्यांसकट.

त्या ग्रुपला पाचपैकी एक. तोही एडिसनमध्ये बरा वडापाव कुठे मिळतो ते तिथे कळतं म्हणून.